काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळींना मी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) क्रिमिनल जस्टिस, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांचा अभ्यास, शिकतेय म्हटलं की हमखास ऐकायला मिळतं, ‘हे काय मधेच? कॉम्प्युटरचं काहीतरी कर.’ तुम्ही एकट्यानेच विचारलंत, ‘करेक्शन्सचा (शिक्षा झालेल्यांचं पुढे काय करायचं, याचा) विषय कुठल्या सेमिस्टरला आहे?’ गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहू देतात ते प्रोबेशन; काउंटीच्या त्या खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. तेव्हापासून तुमच्या जेवणाच्या टेबलावर माझा दुसरा वर्ग भरू लागला.

पुस्तकाने प्रोबेशन थोडक्यात उरकलं होतं. तुम्ही मला थेट 1841 च्या बॉस्टनमध्ये नेलंत. जॉन ऑगस्टस हा बूट बनवणारा माणूस कोर्टात एका दारुड्याला जामीन राहतो, तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा हजर करतो, तेव्हा तो ओळखूही येत नाही इतका सुधारलेला. शिक्षा काय, तर एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च! भारतातही 1958 पासून प्रोबेशनचा कायदा आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. सांगलीत वकिलाच्या घरात वाढूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

पण खरे आभार त्या सरावाच्या अहवालासाठी. वर्गात एक काल्पनिक फाइल दिली होती: प्रोबेशनवरचा तरुण, प्रोबेशन अधिकाऱ्याच्या भेटीला दोनदा गैरहजर; त्यावर न्यायाधीशांसाठी अहवाल लिहायचा. तुम्ही चष्मा वर सरकवून फाइल उलटीपालटी केलीत आणि पेन्सिलने ‘गैरहजर’भोवती गोल काढलात. ‘हा कामाला कुठे जातो? पाळी कधी सुटते? त्या वेळेला ऑफिसकडे बस असते का?’ मागच्या पानावर गोदामातल्या रात्रपाळीचा उल्लेख होता. अख्खा अहवाल त्या एका ओळीवरून उभा राहिला. ‘बेजबाबदार हा शेरा झाला, माहिती नाही. न्यायाधीशांना माहिती दे,’ हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

आणि फिलाडेल्फियाचं ते ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी! काकूंनी बांधून दिलेल्या दशम्या गाडीतच खाल्ल्या आपण. 1829 साली सुरू झालेला, 1971 साली बंद पडलेला हा तुरुंग. कैद्याला एकट्याला कोंडलं की तो देवाला स्मरून पश्चात्ताप करेल, या श्रद्धेतून बांधलेला. कोठडीच्या छतातला झरोका दाखवत तुम्ही म्हणालात, ‘बांधणारे दुष्ट नव्हते गं. पण आतल्या माणसाचं काय होतंय हे विचारायला हवं होतं.’ एकांतवासावरचा माझा निबंध तिथेच सुरू झाला.

माझे 60 क्रेडिट आता पूर्ण होताहेत. पुढची दोन वर्षं विद्यापीठात, आणि मग प्रोबेशनमध्येच अर्ज करायचा, हे पक्कं आहे. मे महिन्यात पदवीदान आहे. तुमचा आणि काकूंचा पास काढून ठेवलाय. गुडघ्याची सबब चालणार नाही. गाडी मी घेऊन येते.

तुमची,
शेजारच्या घरातली विद्यार्थिनी