मागचा दिवा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला जास्तच बोललो. सायकल घसरली, हात प्लास्टरमध्ये, आणि आम्हाला कळलं आठव्या दिवशी, तेही दादाकडून. आई त्या रात्री जेवली नाही. असो. रस्त्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

आम्ही मे महिन्यात नेदरलँड्सला आलो तेव्हाचं तुझं गाव अजून डोळ्यांपुढे आहे. न्यूनेन, गेरवेन, नेडरवेटन मिळून एकच नगरपालिका, वस्ती पंचवीस हजारांच्या आत. नेडरवेटनच्या शेतात तो जुना मनोरा एकटाच उभा. तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असायचा. आता पाचलाच काळोख, आणि आइंडहोव्हनहून गेरवेनपर्यंत तू एकटी. 2014 साली केलेला तो सायकलरस्ता, दिवसा ऊन पिऊन रात्री चमकणारा, तुझ्या दारापर्यंत का नाही आणत?

बघ, परत तेच.

व्हॅन गॉगचं ते बटाटे खाणाऱ्यांचं चित्र तू दाखवलंस. वडील न्यूनेनचे पाद्री म्हणून तो तिथे 1883 च्या डिसेंबरात आला आणि 1885 च्या नोव्हेंबरात गेला, एवढंच तू सांगितलंस. मी मात्र हातच बघत राहिलो. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात, असं त्याने भावाला लिहिलं होतं म्हणे. मनू, ते आमच्या आईचे हात होते गं. सातगाव पठारावर बटाटा काढून आली की तिच्या नखांतली माती धुतली तरी जायची नाही. चिमणीच्या उजेडात उकडलेला बटाटा फोडून, मीठ लावून आधी माझ्या हातावर ठेवायची. वाफेने बोटं भाजायची. तिची नात आज त्याच चित्राच्या गावात राहते, दुकानातल्या बाईंशी डचमध्ये घडाघडा बोलते. तेव्हा मला बोलायला सुचलं नाही, म्हणून आता लिहितोय. फार बरं वाटलं.

एकतीस वर्षं एसटी चालवली. खेड घाटात धुकं उतरलं की गाडी बाजूला घ्यायची, प्रवासी ओरडले तरी. रस्ता ओला वाटतोय आणि चाकाचा आवाज बंद झालाय, म्हणजे बर्फ समजायचा. ब्रेक दाबायचा नाही. अशा दिवशी बसने जा. उशीर झाला तर होऊ दे, साहेब काय म्हणतील ते... माफ कर, तू तिशीची आहेस आणि मी डेपोत नव्या पोराला सांगावं तसं सांगतोय.

शेजारच्या आजी डबा देऊन गेल्या म्हणालीस, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. तिने मेतकूट पाठवलंय. त्यांनाही दे.

तुझे,
बाबा

ता. क. सायकलचा मागचा दिवा मे महिन्यातच मिणमिणत होता. बदललास का?