धानोऱ्याला जाते आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी अर्धंच बोलले असते, म्हणून लिहिते. पुण्याची नोकरी सोडली. राजीनामा मंजूरही झाला. सोमवारपासून गडचिरोलीतल्या धानोऱ्याला, तिथल्या ग्रामसभांचे बांबूचे अन् तेंदूपत्त्याचे हिशेब बघायला.

आधी हे ऐका. खोली पक्की आहे, नळ आत आहे, डबा शेजारच्या काकू देतात. मच्छरदाणी घेतली. आई, तुला ज्याची भीती वाटते ते आता पूर्वीसारखं राहिलं नाही. आणि पुण्यापेक्षा मी तुमच्या जवळच येते आहे, सकाळी बसले की दुपारी नागपूरला घरी.

बाबा, तुम्ही म्हणाल, मत देतो तेवढं पुरे, पगार कशाला सोडायचा? पण धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाचंच बघा. इंग्रज गेले, त्यांचा १९२७ चा वन कायदा राहिला. गावकरी दर निवडणुकीत मत द्यायचे, पण बांबू विकायची सोय नव्हती. वनहक्क कायदा २००६ चा, मेंढ्याला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये, आणि बांबू बाहेर न्यायच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. तेही केंद्रीय मंत्री स्वतः गावात आले तेव्हा. एवढी वर्षं तगादा लावला तो एकमत होईपर्यंत बसून राहणाऱ्या गावानं. स्वयंसेवी संस्थांचं मला फारसं कौतुक नाही, प्रकल्प संपला की त्यांची गाडी निघून जाते. गाव तिथंच असतं. आता अशा गावांत पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात येतो, आणि वही कच्ची राहिली की ठेकेदार मागच्या दारानं शिरायला बघतो. वही मला लिहिता येते. पगार कमी आहे, पण विमलआत्याचा हप्ता चुकणार नाही.

अधिवेशनाचा मोर्चा टेकडी रोडवर अडला की तुम्ही मला खांद्यावर घ्यायचे, बाबा, आणि खिशातले फुटाणे एकेक करून वर द्यायचे. तेव्हा आई घरी किती चिडायची! आता दोघं मिळून माझ्यावर चिडा, चालेल.

बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी. गच्चीवरचं मीटर बघायला दुपारी दोनला वर जायचं नाही. पुतण्याला सांगून ठेवलंय, त्याला हाक मारायला लाजू नका. आणि आई, कुलरमध्ये पाणी टाकताना आधी प्लग काढ, नुसतं बटन बंद करून भागत नाही.

तुमची,
छकुली