लाल वाइनची बाटली आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला वाइनवरचा लेख वाचला. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी आणि मटणाबरोबर प्यावी’ असं त्यात ठोकून दिलं आहे, म्हणून हे पत्र. दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात मी स्टुअर्ड म्हणून लागलो आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. लोकांचे ग्लास भरण्यातच उमेदीची वर्षं गेली.

अहो, खोली कोणाची? फ्रान्सातल्या जुन्या दगडी घरांत वाइन १६-१८ अंशांवर असायची. लालबागच्या आमच्या खोलीत ऑक्टोबरच्या दुपारी पारा तिशीच्या वर असतो. एवढ्या गरम वाइनचा नुसता अल्कोहोल नाकात जातो, फळाचा वास बिचारा मागेच राहतो. शहरातली बरीचशी रेस्टॉरंटं आजही बाटल्या बारच्या दिव्याखाली मांडून ठेवतात आणि वर हजारोंचं बिल लावतात.

लेखात बोजोलेची, म्हणजे फ्रान्सातल्या बोजोले भागातल्या हलक्या लाल वाइनची, बोळवण एका ओळीत केली आहे, तीही नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणाऱ्या ‘नूव्हो’वर, म्हणजे त्याच वर्षीच्या ताज्या वाइनवर. ती कोवळी वाइन, केळ्याच्या वासाची, गंमत म्हणून ठीक. खरी बोजोले मॉर्गों, फ्लरी, मूलँ-आ-व्हाँ अशा तिथल्या १० नामांकित पट्ट्यांची. त्यांच्या बाटलीवर बहुधा पट्ट्याचंच नाव ठळक असतं, त्यामुळे गिऱ्हाईक दुकानात बोजोले शोधत बसतं आणि ती समोरच असते. द्राक्ष गामे. शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूकने १३९५ साली हे द्राक्ष उपटून टाकायचा हुकूम काढला होता. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत ते असं रुजलं, की जवळच्या ल्यों शहरात ऱ्होन, सोन आणि बोजोले अशा तीन नद्या वाहतात असं गमतीने म्हणतात.

आपल्या जेवणाला ही वाइन का चालते? तिथे घड न चुरडता अख्खेच टाकीत घालतात. तळाचे मणी वरच्या वजनाने फुटून आंबायला लागतात, कर्बवायू टाकीभर साठतो आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतच आंबणं सुरू होतं. सालीतला तुरटपणा त्यामुळे कमी उतरतो. तिखटाला हाच तुरटपणा नको असतो. मालवणी मटणावर बोर्दोसारखी तुरट लाल वाइन किंवा १४ टक्के अल्कोहोलची शिराझ घेऊन बघा, तोंडाचा जाळ दुप्पट होतो. बोजोले साधारण १२-१३ टक्क्यांची आणि अंगाने आंबटसर, त्यामुळे रश्श्यातल्या कोकमापुढे ती फिकी पडत नाही.

ल्योंच्या खाणावळींत ही वाइन जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून येते. सोबत सॉसेज, मसूर, नाहीतर पाव-चुरा लावून तळलेली वजडी. हो, वजडीच! आमच्याकडे वजडी सुकी करतात, मिरपूड जरा सढळ हाताने घालून. तिच्याबरोबर गार फ्लरी घेतलीत तर मटणाची आठवणही येणार नाही. शाकाहारी मंडळींना अख्खा मसूर किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. मासे मात्र नकोत. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाचा उग्रपणा तोंडात रेंगाळतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं आहे. बांगड्याच्या तिखल्याबरोबर तर ती अजिबात काढू नका.

बाटली गार करायलाही रीत आहे. बादलीत नुसता बर्फ टाकून भागत नाही, तो बाटलीला जिथे टेकेल तेवढाच गारवा. निम्मं पाणी, निम्मा बर्फ घ्या आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फ्रिजमधून काढली असेल, तर तेवढाच वेळ बाहेर राहू द्या. उरलेली बूच लावून परत फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस टिकते.

बाटली इथे खिशाला चाट लावते, हे मान्य. नाशिकची हलकी लाल वाइनही थोडी गार केली की सुधारते, तेव्हा सराव तिच्यावर करायला हरकत नाही.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल, तर ‘खोलीचं तापमान’ काढून आकडाच छापा. बोजोलेसाठी १२ ते १४ अंश.

आपला,
एक निवृत्त कॅप्टन, लालबाग, मुंबई