ऐकत नाही, की अजून जमत नाही?

महोदय,

'लक्ष नसते, ऐकत नाही, सारखा जागेवरून उठतो.' चार वर्षांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात असे शेरे मी स्वतः कितीतरी वर्षे लिहिले. आता ते लिहवत नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या शिशुवर्गात एक मुलगा होता. घसरगुंडीपाशी उभा राहून 'आपली पाळी आली की मगच जायचं' असे तो सगळ्यांना बजावायचा आणि बजावता बजावता स्वतःच पुढे घुसायचा. मला तो लबाडपणा वाटे, रागावायचेही मी. पुढे मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या पत्त्यांच्या प्रयोगाविषयी वाचले. मुलांना चित्रांचे पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला सांगतात, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांची बहुतेक मुले नवा नियम विचारला तर बरोबर सांगतात, पण पत्ता हातात आला की तो रंगाच्याच ढिगात टाकतात. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना ते साधते. नियम तोंडपाठ असणे वेगळे आणि ऐन वेळी हात आवरणे वेगळे! तो मुलगा खोटे वागत नव्हता.

सूचना ध्यानात ठेवणे, मन आवरणे, नियम बदलला की आपणही बदलणे, ही मेंदूची 'कार्यकारी कौशल्ये'. ती मेंदूच्या पुढच्या भागावर बरीचशी अवलंबून असतात आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. शिवाय तिन्ही एकदम येत नाहीत. लांबलचक गोष्ट शब्दन् शब्द लक्षात ठेवणारी मुलगी खेळ आवरायची वेळ झाली की आकांत करते.

त्यात एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराच्या अंतराची मुले बसतात. चार वर्षांच्या मुलासाठी वर्ष म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या डिसेंबरच्या मुलग्यांना अतिचंचलतेचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के जास्त झालेले आढळले. जन्माचा महिना आजार कसा ठरवतो?

आणि आपण मोठे? २०१३ च्या एका प्रयोगात समोरचा खाऊ लगेच न खाता थांबल्यास जास्त खाऊ देण्याचे मुलांना सांगितले होते; आधी दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसासाठी मुले खाऊसमोर सरासरी १२ मिनिटे थांबली, शब्द मोडणाऱ्यासाठी अवघी ३. उद्याचा भरवसा नसेल तर मुलाने हातचे का सोडावे?

काही मुलांना खरोखर तज्ज्ञांची मदत लागते. घरी आणि शाळेत, महिनोन्‌महिने तीच अडचण दिसली तर ती जरूर घ्यावी. पण प्रगतिपुस्तकात शेऱ्याशेजारी मुलाचे वय वर्षे-महिन्यांत लिहा आणि त्याची तुलना त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा, एवढे माझे शाळांना कळकळीचे मागणे आहे. घसरगुंडीवरचा तो मुलगा वर्षअखेरीस दोन मुलांना पुढे सोडून थांबू लागला होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी ते लिहिले नव्हते.

– एक शिशुवर्ग शिक्षिका