अंबलंगोडाहून आल्यावर

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल रविवारी अंबलंगोडाला जाऊन आले. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेची गाडी धरली की रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. माड, होड्या, खारा वारा. आपल्या वेंगुर्ल्यालाच निघालेय असं वाटत होतं.

हे गाव लाकडी मुखवट्यांचं आणि ते घालून नाचणाऱ्यांचं. पाणथळ जागी वाढणाऱ्या कदुरूचं लाकूड वापरतात, आपल्या पांगाऱ्यासारखं हलकं. तोंडावर बांधून नाचायचं, तर जड कसं चालेल? ओंडका वाळवून चुलीच्या धुरात ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. एका पडवीत एक आजोबा पटाशी चालवत होते. बाबा, सावंतवाडीच्या चितारआळीत तुम्ही मला लहानपणी तासभर उभं केलं होतंत ना, तोच ठोकण्याचा आवाज, तोच भुशाचा वास.

आई, आता तुझ्यासाठी एक गोष्ट. इथल्या ‘कोलम’ नावाच्या मुखवट्यांच्या नाटकाची कथा अशी सांगतात, की महासम्मत राजाच्या राणीला गरोदरपणी मुखवट्यांचा नाच बघावासा वाटला. राजाला मुखवटा म्हणजे काय तेच ठाऊक नाही. शेवटी शक्राने, म्हणजे आपल्या इंद्राने, राजाच्या बागेत मुखवटे आणून ठेवले. सिंहलीत डोहाळ्यांना ‘दोलदुक’ म्हणतात. शब्द ऐकला आणि डोळे भरून आले. माझ्या वेळी तुला दशावताराचे डोहाळे लागले होते, आणि आजी नको म्हणत असताना बाबा तुला सातव्या महिन्यात दहिकाल्याला घेऊन गेले होते.

१९८७ साली सुरू झालेलं मुखवट्यांचं संग्रहालयही पाहिलं. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती ‘सन्नी’ मुखवट्यांपाशी. सन्नी म्हणजे आजाराचे यक्ष, एकूण अठरा. वात, पित्त, आंधळेपण, लंगडेपण, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. घरात कोणी आजारी पडलं की रात्री अंगणात विधी मांडायचा. यक-बेर ढोल घुमतो, यक्ष एकेक करून नाचत येतात. ढोलवाला त्यांच्याशी बोलतो, त्यांची फिरकी घेतो, माणसं खळखळून हसतात, आणि यक्ष आपला नैवेद्य घेऊन निघून जातो. रुग्णाला म्हणतात ‘आतुरया’. तो हे सगळं गावासोबत बसून बघतो. आजार अंगात लपून राहत नाही, चारचौघांत समोर येऊन उभा राहतो. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

त्या अठरांत एक ‘बिहिरि सन्निय’ आहे. बिहिरि म्हणजे बहिरा. बाबा, त्याच्यापुढे उभी होते तेव्हा तुमचाच विचार डोक्यात होता. गेलं वर्षभर फोनवर तुम्ही “हो हो” म्हणता आणि मग आई मागून तेच पुन्हा सांगते. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कळतं, आणि मी काही बोलत नाही, याचं वाईट वाटतं. यात लपवण्यासारखं काहीच नाही हो. मे महिन्यात मी येतेय. आपण तिघंही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मशीन लावावं लागलं तर लावू. यंदाच्या जत्रेत पखवाजाचा बोल न् बोल तुमच्या कानात पडायला हवा.

दारावर लावायला ‘गुरुलु राक्ष’ घेतलाय, म्हणजे गरुड. लाल-पिवळा, चोच बाकदार. आई, उंबऱ्याच्या वर खिळा ठोकून ठेव.

बिहिरीचा मुखवटाही विकायला होता. तो घेतला नाही.

तुमची,
मुक्ता