चार हजार रुपये किरकोळ नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले ग्राहक सल्ल्याचे सदर वाचले आणि फार वाईट वाटले. कुकरची तक्रार घेऊन आलेल्या ताईंना तुमच्या सल्लागारांनी सांगितले, की रक्कम किरकोळ आहे, कायदेशीर मार्ग खर्चिक पडेल, तेव्हा दुकानदाराशी गोडीगुलाबीने मिटवा. हक्कांची माहिती द्यायला सदर चालवायचे आणि त्यातूनच माणसाला माघारी फिरवायचे, याला काय म्हणावे? शिवाय 'खर्चिक' हे साफ चूक आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्कच नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मी लावला नव्हता.

२०२२ च्या दिवाळीला मी मुलीकडे पुण्याला होते. फराळाच्या आधी तिथल्याच एका दुकानातून ४,२०० रुपयांचा मिक्सर घेतला. तिसऱ्या आठवड्यात ओल्या नारळाच्या चटणीत एक काळसर रेघ दिसली. आधी वाटले, मोहरी करपली असेल. मग जार धुऊन नुसते पाणी घालून फिरवला आणि स्टीलच्या वाडग्यात ओतला. पाण्यावर काळा तेलकट तवंग आला. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. जार उलटा केला तर तळाच्या बुशातून वंगण झिरपत होते. तोवर तीन आठवडे त्याच जारमधली चटणी मी नातवाच्या ताटात वाढत होते.

दुकानात गेले तर उत्तर मिळाले, "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "जार वॉरंटीत येत नाही." परत दुकानात. मालकाने माझेच बिल माझ्यापुढे फिरवून खालच्या ओळीवर बोट ठेवले: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी तक्रार करेन म्हटल्यावर तो म्हणाला, "करा ना मावशी. पण तारखेला इथे यावं लागेल. या वयात झेपेल का?"

ते शेवटचे वाक्य मला लागले. घरी आल्यावर जावयाने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून दिला आणि मी दोन रात्री बसून लागतील तेवढी कलमे वाचली. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांच्या आत परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी तिसऱ्या आठवड्यातच गेले होते. बिलावर अशी ओळ छापली म्हणून माझा हक्क संपत नाही. आणि जिथे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. दुकानदाराला हे ठाऊक नसेल, पण तुमच्या सल्लागारांना असायला हवे होते.

गावी परतल्यावर आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पोचपावती आली, उत्तर आले नाही. मग मराठीत, माझ्याच अक्षरात तक्रार लिहिली आणि आमच्याच जिल्ह्याच्या आयोगात दिली. सोबत प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड आणि त्या वाडग्याचे फोटो जोडले. बिलाची झेरॉक्स मी पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती म्हणून निभावले. मूळ बिलाचा तो गुळगुळीत कागद तोवर इतका फिकट झाला होता, की रक्कम वाचता येईना. आणि ते पक्के बिलसुद्धा मी हट्टाने मागून घेतले होते. "बिल कशाला, जीएसटी वाढेल," असे काउंटरवर ऐकवले गेलेच होते. बिल न देणे हीसुद्धा याच कायद्याखाली अनुचित प्रथाच आहे.

आयोगाची नोटीस पोचल्यावर चित्र पालटले. त्याच मालकाचा फोन आला, पहिल्या तारखेला तो स्वतः हजर राहिला आणि मिक्सरचे पैसे व माझ्या खर्चाचे १,५०० रुपये त्याने बाहेरच्या बाकावर मोजून दिले. आम्ही दोघांनी आयोगाला तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली आणि प्रकरण मिटले. गोडीगुलाबीने मी महिनाभर विचारले होते. तेव्हा त्याने बिलावर बोट ठेवले होते.

निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या बाईला चार हजार रुपये किरकोळ नसतात, हे कृपया सल्लागारांना सांगा. १९१५ या हेल्पलाइनचा नंबर त्यांनी दिला, ते चांगले केले. पण हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. आदेश आयोग देतो. हे वाक्य उत्तरात असायला हवे होते.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात तिसऱ्या पानावर घरगुती उपकरणांच्या सेलची अर्धे पान जाहिरात आहे. दावा मराठीत, ठळक अक्षरात. त्यापुढे तारांकन (*) टाकून खाली अटी मात्र इंग्रजीत, आणि मला भिंग लावूनही धड वाचता आल्या नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशी तळटीप दाव्याच्याच भाषेत असावी लागते. एका पानावर ग्राहकाला जागे करायचे आणि दुसऱ्यावर हे छापायचे, हे तुमच्या वर्तमानपत्राला शोभत नाही. मी तीस वर्षे हा अंक घेते, म्हणून हक्काने लिहिते आहे.

कुकरवाल्या ताईंच्या प्रश्नात खरेदी गेल्या मार्चमधली आहे आणि दुकानदाराने नकार दिला तो त्यानंतर. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्यांची मुदत अजून गेलेली नाही. पुढच्या सदरात, पहिल्याच ओळीत, त्यांना हे कळवावे ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक