फोटो नको म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय आमदारसाहेब,

सा. न. वि. वि.

माझ्या आईचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, थकलेले पैसे परवा खात्यात जमा झाले. बँकेचा मेसेज वाचून दाखवला तर तिचा विश्वास बसेना, पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्या आमदाराला चिठ्ठी लिही माझ्या नावानं." तुमच्या कार्यालयात अर्जांचे ढीग असतील, त्यात हे पत्र दबून जाऊ नये आणि तालुक्यालाही कळावं, म्हणून उघडच लिहिते आहे.

आमचं गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांवर जातं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. 20 नोव्हेंबर 2024ला मतदान झालं तेव्हाही कितीतरी घरांना कुलपं होती. आमच्या केंद्रावर रांगेत उभी होती ती बहुतेक काठी टेकत आलेली माणसं. निवडून आल्यावर त्यांच्याकडे कोण बघतंय, असं आम्ही धरूनच चाललो होतो. तशी सवयच झाली होती.

आईनं उभी हयात ऊस तोडला, कापूस वेचला. तिच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या आहेत. पूर्वी पैसे तहसीलमार्फत बँकेत यायचे. रांगेत दिवस जायचा, पण पैसे मिळायचे. आता ते आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात. चांगलीच गोष्ट आहे, मधले हात कमी झाले. पण जोडणी करायला अंगठा लागतो आणि आईचा अंगठा लागत नाही. यंत्रावर ठेवायचा, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा लाल. समोरचा म्हणायचा, "आजी, दाबून धरा." ती इतकी दाबून धरायची की नख पांढरं पडायचं. घरी आल्यावर तो अंगठा दुसऱ्या हातात धरून बसायची, जणू त्याचाच गुन्हा होता.

महिन्याचे 1,500 रुपये. पुष्कळांना ही रक्कम सांगताना हसू येतं. आईच्या बीपीच्या गोळ्या त्यातून येतात, चहा-साखर येते, किराण्याची उधारी फिटते. आणि नातवंडांच्या हातावर दहा रुपये ठेवताना तिला कुणाकडे मागावं लागत नाही. निवडणुकीत सगळ्या सभांमधून लाडक्या बहिणीचं चाललं होतं. ती योजना 65 वर्षांपर्यंतच्या बायकांसाठी, आई त्याच्या पुढची. तिला जे काही होतं ते एवढंच आणि तेच संक्रांतीपासून बंद पडलं.

तुमच्या आधी जे होते त्यांचं नाव घेत नाही. वडील गेल्यावर आईचं नाव यादीत यावं म्हणून आम्ही त्यांच्या दारात किती वेळा उभे राहिलो ते त्यांना आठवणारही नाही. "बघू", "पीएला भेटा", "समितीची बैठक होऊ द्या." पण मला राग त्याचा नाही. एका थंडीत गावात घोंगड्या वाटल्या. आईला पुढे ओढून तिच्या हातात घोंगडी दिली, फोटो काढला आणि तो फोटो फ्लेक्सवर छापून स्टँडवर लावला. वर साहेबांचा हसरा चेहरा, खाली हात पसरलेली माझी आई. तो फ्लेक्स फाटेपर्यंत तिथेच होता. तोवर आई बाजारला स्टँडवरून गेली नाही, मळ्याच्या वाटेनं लांबून जायची. जिनं आयुष्यात कुणाची पै बुडवली नाही, तिला सगळ्या तालुक्यासमोर मागणारी करून ठेवलं.

म्हणून पाडव्यानंतर तुम्ही शाळेत शिबिर लावलंत तेव्हा ती यायलाच तयार नव्हती. मी जवळजवळ धरून आणली. तिथं काय-काय झालं ते लिहीत बसत नाही. तहसीलची माणसं होती, पोस्टाची होती, आधारचं यंत्र होतं. आईचा अंगठा नेहमीसारखाच लागला नाही, तर यंत्रावरच्या मुलानं अंगठ्याऐवजी डोळे स्कॅन करून काम केलं. हे असंही होतं, हे एवढ्या महिन्यांत आम्हाला एकानंही सांगितलं नव्हतं.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं. आईचा कागद तुमच्या हातात होता. तुमचाच एक कार्यकर्ता तिचा दंड धरून म्हणाला, "आजी, साहेबांजवळ सरका, इकडं बघा." तीन-चार मोबाइल वर झाले. आईनं पदर तोंडावर ओढला. मला तो स्टँड दिसायला लागला. आणि तुम्ही कागद टेबलावर ठेवलात, आई आणि त्या मोबाइलच्या मध्ये उभे राहिलात आणि म्हणालात, "फोटो नको. पैसे त्यांच्या हक्काचे आहेत, मी काही दिलेलं नाही." आवाज चढवला नाही, कार्यकर्त्याला चारचौघांत झापलंही नाही. मग स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवून विचारलंत, "कधीपासून बंद आहेत?" आई म्हणाली, "सक्रातीपसून." तुम्ही ते तसंच डायरीत लिहून घेतलंत.

साहेब, तुम्हाला कदाचित हे आठवतही नसेल. आमच्या घरात अजून त्याचीच चर्चा आहे. आई शेजारणींना पैशांचं नंतर सांगते, आधी हे सांगते.

तुम्ही विजेची जळालेली डीपी बदलून आणलीत, मुक्कामी एसटी पुन्हा चालू केलीत, ते सगळं गाव बघतंच आहे, त्याचे आभार गावकरी मानतील. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यातून रस्ते होतात, सभामंडप होतात. माणसाची लाज राखायला त्यातला एक रुपयाही लागत नाही, तरी ती राखणारा आम्हाला इतक्या वर्षांनी भेटला. आणि एकानं सुरुवात केली की बाकीचेही नीट वागतात, हेही त्या दिवशी बघितलं. मास्तरांनी सुट्टी असून शाळा उघडली, म्हाताऱ्यांसाठी सावलीत सतरंज्या टाकल्या. ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्या घरी पोस्टमनदादा यंत्र घेऊन स्वतः गेले. हीच माणसं आधीही इथंच होती. चांगलं वागायला त्यांना कुणी मोकळीक दिली नव्हती, एवढंच.

तुमचे उपकार, असं लिहायला लागले होते. आईनं थांबवलं. म्हणाली, "हक्काचे हायेत म्हणले ना ते, मग उपकार कशाला लिहितीस? आभार लिही." म्हणून आभार. मनापासून, आम्हा सगळ्यांच्या वतीनं.

जाता जाता एक काम सांगते. खालच्या वस्तीवरच्या दोघीजणी शिबिराच्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या, त्यांचे पैसे अजून बंदच आहेत. त्यांचे कागद मी तलाठ्यांकडे दिलेत, पोच घेतली आहे. कळावे, आणि तेवढं बघावे.

आपली,
तुमच्या मतदारसंघातली एक लेक